नसलेल्या चहाची नोंद

माझे दाजी फरशी बसवतात आणि मी त्यांना फरशी कापून देतो. नात्याने मी मेव्हणा, कामाने हाताखालचा आणि दाजींच्या मते दोन्हीकडून बिनकामाचा. अठरा वर्षं आम्ही एकाच खोलीत गुडघे टेकून बसतोय, पण मी कापलेल्या कडेला त्यांनी अजून एकदाही 'बरी आहे' म्हटलेलं नाही. लोक त्यांना 'लेव्हल' म्हणतात. तोंडावरच म्हणतात, आणि त्याचं त्यांना वाईट वाटत नाही, उलट जरा बरंच वाटतं. दुसऱ्याच्या घरी जेवायला गेले तरी टेबल डुगडुगतंय का ते आधी बघतील, पायाखाली कागदाची घडी सरकवतील आणि मगच ताटाला हात लावतील.

त्यांचा एक नियम मात्र मी मनापासून मानतो. फरशी बसली, खालचा सिमेंटचा माल वाळला, की ते हातोडीच्या लाकडी दांड्याने एकेक फरशी वाजवत जातात. भरीव वाजली तर पुढची. पोकळ वाजली तर ती उचलायची, मग वरून ती कितीही सरळ दिसो, घरमालक कितीही हात जोडो. "दिसण्यावर जाऊ नको, आवाजावर जा," हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की झोपेतही म्हणेन.

हे सगळं सांगायचं कारण एक गुरुवार. त्या गुरुवारी दाजींचा जीव जायचा होता, आणि तो घालवायची तयारी त्यांनी स्वतःच, सुवाच्य अक्षरात, रकाने आखून केली होती.

आधी त्या वहीचं सांगतो. चार वर्षांपूर्वी दाजींना आम्लपित्ताने धरलं. आमचा धंदाच ओणवं राहण्याचा. जेवायचं आणि लगेच वाकायचं, की खाल्लेलं वर. घशाशी आंबट पाणी, छातीच्या मधोमध जळजळ, आणि आडवं झालं की ठसका. दाजी खिशातून गोळ्या काढून शेंगदाण्यासारख्या चघळायचे आणि सगळ्यांवर डाफरायचे. सगळ्यांवर म्हणजे माझ्यावर. शेवटी ताई, म्हणजे माझी थोरली बहीण, त्यांना जवळजवळ ओढतच वैद्यबाईंकडे घेऊन गेली. सोबत मीही होतो, कारण ताईला वाटत होतं की ते वाटेतून पळतील.

वैद्यबाई साठीच्या, किरकोळ अंगाच्या, मोजकं बोलणाऱ्या. आधी त्यांनी दवाखान्यातून पोटाची दुर्बिणीची तपासणी करून आणायला लावली. आत जखम नाही हे कागदावर बघितलं आणि मग विचारलं, "दिवसभर काय करता, ते करून दाखवा."

दाजी त्यांच्या दवाखान्याच्या जमिनीवर ओणवे झाले. झाल्याबरोबर म्हणाले, "तुमची ही फरशी कोपऱ्यात बसलीय."

"ती बसू दे. जेवल्यावरही असंच वाकता?"

"जेवल्यावर जास्तच. माल कालवलेला असतो, अर्ध्या तासात घट्ट होतो."

"औषध मी देईन," वैद्यबाई म्हणाल्या, "पण भरलेला हंडा तुम्ही रोज पालथा करणार असाल, तर सांडतो म्हणून हंड्याला दोष देऊ नका."

दाजींचा स्वभाव 'पी हळद नि हो गोरी'. आठ दिवसांत बरं वाटेल का, असं त्यांनी विचारलं. वैद्यबाईंनी उत्तर न देता एक जाड वही पुढे सरकवली. वेळ, काय खाल्लं, काय काम केलं, त्रास, कारण, असे पाच रकाने. पहिल्या पानावर त्यांनी स्वतःच्या हाताने दोन-तीन ओळी लिहिल्या. दाजींनी त्या वाचल्या, मान हलवली आणि पान उलटलं. त्यानंतर ते पान कोणी उघडलं असेल असं मला वाटत नव्हतं. वहीचं पहिलं पान आणि पुस्तकाची प्रस्तावना वाचतो कोण?

पण बाकीची वही? ती त्यांनी जशी पाळली तसा एखादा जावई सासऱ्याचा शब्दही पाळत नाही. तिखट, आंबट, तळलेलं बंद. सकाळचा रिकाम्या पोटीचा चहा गेला, त्याजागी रात्री भिजवलेल्या मनुका आल्या आणि धने-जिऱ्याचं पाणी आलं. जेवण साडेअकराला म्हणजे साडेअकराला. त्यात मऊ भात, दुधी किंवा पडवळ, वर चमचाभर तूप. घास चावून खायचा, जेवताना कामाचं बोलायचं नाही. संध्याकाळचं जेवण दिवस मावळताना, त्यानंतर शंभर पावलं मोजून, आणि झोपायचं डाव्या कुशीवर. पलंगाच्या डोक्याकडच्या दोन पायांखाली त्यांनी फरशीचे तुकडे घातले, दोन्हीकडे मिलिमीटरपर्यंत सारखे. पहिले पंधरा दिवस ताई रोज पहाटे पायथ्याशी सापडायची.

कामाचीही त्यांनी उलटापालट केली. वाकायचं सगळं काम जेवणाआधी. जेवल्यावर दीड तास फक्त उभ्याचं, म्हणजे मापं घेणं, भिंतीची फरशी, सांधे पुसणं. इतर कारागीर हसले. मीही हसलो. तळलेला बटाटा त्यांच्यासमोर मुद्दाम कुरुमकुरुम वाजवत खाल्ला. पण सहा महिन्यांत त्यांच्या खिशातल्या गोळ्या कमी झाल्या आणि वर्षभरात डाफरणंही. जळजळ झालीच तर ते वही उघडायचे, मागच्या दोन दिवसांत बोट फिरवायचे आणि चूक सापडली की चोर पकडल्यासारखे खूश व्हायचे. 'मंगळवार, लग्नघरी आंबट कढण.' 'शनिवार, मेव्हण्याशी भांडण जेवताना.' कारणाच्या रकान्यात मी इतक्यांदा आलोय की औषधाच्या बाटलीवर माझा फोटो लावायला हरकत नव्हती.

आता एक गोष्ट, जी दाजी कधी बोलत नाहीत. ताईने मला सांगितली. त्यांचे वडीलही फरशीच बसवायचे. एका दुपारी काम चालू असताना ते म्हणाले, "पोटात वायू धरलाय, जरा बसतो," आणि भिंतीला टेकून बसले ते बसलेच. बावन्न वर्षांचे होते. त्यांच्यासाठी माल कालवत दाजी तिथेच होते, एकोणीस वर्षांचे. ज्या वर्षीचं मी सांगतोय त्या वर्षी दाजींना बावन्नावं लागलं होतं. घरात कोणी त्या आकड्याचा उच्चार करत नव्हतं.

काम होतं एका ग्रंथालयाचं. दुसऱ्या मजल्यावरचं मोठं दालन, आणि लिफ्ट अजून बसायची होती. शुक्रवारी दुपारी लोखंडी कपाटं येणार होती, त्याआधी जमीन तयार पाहिजे, असं ग्रंथपालबाईंनी आम्हाला चार वेळा सांगितलं होतं. फरशीच्या पेट्या आम्ही दोघंच वर नेत होतो. सोमवारी दुसरी पेटी नेताना दाजी जिन्याच्या वळणावर थांबले. पेटी कठड्यावर टेकवली आणि मुठीने छाती चोळली.

मी मागून म्हणालो, "काय दाजी, म्हातारे झालात की."

"पित्त," ते म्हणाले. दोन मिनिटं थांबले आणि पुन्हा चढले.

मी ते पाहिलं आणि मनाशी म्हटलंही, की जिना चढताना पित्त? पित्त तर वाकल्यावर यायचं. पण तेवढ्यात माझ्याच खांद्याला पेटी रुतत होती. विचार तिथेच राहिला.

मंगळवारी तेच. बुधवारी तेच. थांबले की जळजळ जायची, पेटी उचलली की यायची. दाजी ज्येष्ठमधाची काडी चघळत होते आणि गप्प होते. एरवी माझी कड वाकडी आली की त्यांची जीभ सरळ व्हायची. त्या तीन दिवसांत त्यांनी माझी एकही चूक काढली नाही. याचं मला सुख वाटलं, हे आठवलं की आजही स्वतःची लाज वाटते.

गुरुवारी साडेतीनच्या सुमारास माझा पाय थर्मासला लागला. चहा मी माझ्यापुरता आणत असे, कारण दाजी चहा घेत नाहीत. सगळाच्या सगळा चहा कोरड्या मालाच्या उघड्या पोत्यात गेला. थेंब उरला नाही. दाजी त्या पोत्यात डोकावले आणि म्हणाले, "आता या फरश्या पेंगणार नाहीत." चार दिवसांतला त्यांचा हा पहिला विनोद. मी हसलो, दुसरं पोतं फोडलं आणि माल कालवला.

साडेचारला मला दारातल्या पट्टीचं माप हवं होतं. मापं दाजी त्याच वहीच्या मागच्या पानांवर लिहायचे. ते दालनाच्या पलीकडच्या टोकाला पेटी ओढत होते. मी पिशवीतून वही काढली आणि घाईत उलट्या बाजूने उघडली. पेन्सिल घालून ठेवलेलं त्या दिवसाचं पान समोर आलं.

'गुरुवार. चार वाजता. छातीत जळजळ, डाव्या खांद्यापर्यंत. घाम. कारण: साडेतीनला अर्धा कप काळा चहा, मेव्हण्याच्या थर्मासमधून.'

मी ते दोनदा वाचलं. मग पोत्याकडे बघितलं. चहा तिथे वाळून पडला होता, तपकिरी ढेकळं होऊन.

मागचं पान उलटलं. 'बुधवार. पेटी नेताना जळजळ. कारण: रात्री एक वाटी आंबट दही.' मंगळवारी रात्री मी त्यांच्याकडेच जेवलो होतो. दही नव्हतं. ताईच्या घरात चार वर्षांत सूर्यास्तानंतर दही निघालेलं नाही. त्याच्या वर, 'मंगळवार. कारण: दुपारी तळलेले बटाटे, मेव्हण्याच्या डब्यातले.' माझा डबा मी एकट्याने संपवला होता. तळाला बोट फिरवून.

या माणसाने आयुष्यात खोटं माप लिहिलेलं नाही. घरमालकाला राग येईल म्हणून नाही, माझी बाजू सांभाळायला नाही. आणि इथे सलग तीन दिवस त्याने न खाल्लेलं खाल्लं म्हणून लिहिलं होतं. चूक सापडत नव्हती, म्हणून त्याने ती तयार केली होती.

मी पानं मागे मागे उलटत पहिल्या पानावर आलो. वैद्यबाईंचं बारीक अक्षर होतं. 'त्रास झाला की कारण शोधा. कारण सापडलं तर पथ्य सुधारा. कारण सापडलं नाही, किंवा त्रास चालताना-चढताना होऊ लागला, तर तो पित्ताचा समजू नका. माझ्याकडेही येऊ नका. थेट मोठ्या दवाखान्यात जा, त्याच तासाला.'

मी वही घेऊन दालन ओलांडलं. दाजी पेटीवर हात टेकून उभे होते. कपाळावर घाम होता, आणि पंख्याखाली उभे होते.

"दाजी, चला. दवाखान्यात जाऊ."

"काय झालं तुला?"

"मला नाही. तुम्हाला."

त्यांनी माझ्या हातातली वही पाहिली. चेहरा एकदम कडक झाला. "माझी वही कोणी उघडायला सांगितली तुला?"

"चहा कधी घेतलात?"

"घेतला. तू बाहेर गेला होतास तेव्हा."

"पोत्यातून घेतलात का? चमच्याने?"

ते बादलीकडे वळले. मग म्हणाले, "बादलीत आत्ताच माल कालवलाय. तो संपवू, मग बघू. पित्तच आहे. उद्या सकाळी लंघन करतो, उतरेल."

"पित्त वाकल्यावर यायचं तुमचं. आता चढल्यावर येतंय. सोमवारपासून."

"तू वैद्य झालास?"

"वैद्यबाईंनीच लिहिलंय. पहिल्या पानावर. वाचून दाखवू?"

"नको."

ते 'नको' इतक्या लगेच आलं की मला कळलं. ते पान त्यांनी वाचलं होतं. त्याच आठवड्यात कधीतरी वाचलं होतं, आणि म्हणूनच चहा लिहिला होता, दही लिहिलं होतं. कारणाचा रकाना रिकामा राहिला तर काय करायचं हे त्यांना पाठ होतं.

ते खाली बसले, ओणवे झाले आणि फरशीला हात घातला. मला काय झालं सांगता येत नाही. राग आला, आणि रागाच्या पोटात भीती होती. मी बादली उचलली आणि कालवलेला सगळा माल कोपऱ्यातल्या राडारोड्यावर ओतून दिला.

"माल फुकट घालवलास," दाजी म्हणाले. आवाजात दम नव्हता.

मी हातोडी उचलली आणि लाकडी दांडा त्यांच्या पुढ्यात जमिनीवर ठेवला. "अठरा वर्षं मला काय शिकवलंत? दिसण्यावर जाऊ नको. वही किती छान दिसतेय तुमची, रकाने सरळ, अक्षर सरळ. पण आवाज पोकळ येतोय, दाजी. पोकळ आली की काय करायचं?"

त्यांनी दांड्यावर हात ठेवला. बाहेर कुठेतरी ग्रंथपालबाई फोनवर कपाटांबद्दल बोलत होत्या. मी मनात आकडे मोजत होतो, का ते माहीत नाही.

"उचलायची," दाजी शेवटी म्हणाले. आणि मग, जमिनीकडेच बघत, "माझे बाबाही म्हणाले होते, जरा बसतो."

"म्हणून तुम्ही बसू नका. चला."

मी ग्रंथपालबाईंना हाक मारली. त्या धावत आल्या, एक नजर टाकली आणि कपाटांचा शब्द न काढता रुग्णवाहिकेला फोन लावला. दाजींना खुर्चीवर बसवलं. पायी जिना उतरू द्यायचा नाही, असं फोनवरच्या माणसाने सांगितलं होतं, म्हणून गाडी येईपर्यंतची दहा-बारा मिनिटं आम्ही तिथेच काढली. अर्धवट बसवलेल्या जमिनीच्या मधोमध एक खुर्ची, त्यावर दाजी, आणि त्यांचा हात माझ्या हातात. अठरा वर्षांत हात धरायची वेळ आली नव्हती. तो हात थंड आणि ओला होता. सातव्या-आठव्या मिनिटाला त्यांचे ओठ पांढरे पडले आणि त्यांनी डोळे मिटले. मी त्यांना मोठ्याने विचारलं, "दारातल्या पट्टीचं माप किती?"

डोळे न उघडता ते म्हणाले, "एकशे चौदा. आणि तू एकशे पंधरा कापशील."

तेव्हा मला रडू आलं.

दवाखान्यात ईसीजी काढल्यावर कोणी फारसं बोललंच नाही, नुसते धावले. ताई पोहोचली तेव्हा दाजींना आत नेलेलं होतं. बाहेर आलेल्या एका डॉक्टरीणबाईंनी विचारलं, त्रास कधीपासून, काय खाल्ल्यावर, काय केल्यावर. मी वही पुढे केली आणि सांगितलं, "वेळा खऱ्या आहेत. शेवटच्या तीन दिवसांची कारणं खोटी आहेत." त्यांनी माझ्याकडे बघितलं, पानं चाळली आणि वही घेऊनच आत गेल्या. हृदयाची एक रक्तवाहिनी जवळजवळ बुजली होती. ती उघडून जाळी बसवली. बाहेर आल्यावर त्या एवढंच म्हणाल्या, "आजचा दिवस काढला असतात, तर उद्या आणायला उशीर झाला असता."

ताई बाकावर बसली आणि बराच वेळ पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. मग म्हणाली, "माझ्या घरात दही? रात्री? लिहिताना हात कसा कापला नाही त्यांचा?" हसत होती की रडत होती ते तिलाच माहीत.

तिसऱ्या दिवशी दाजींनी वही मागितली. उजव्या हाताला सलाइन होतं, म्हणून पेन्सिल माझ्याकडे दिली. "गुरुवार काढ. चहा खोड. दही खोड, बटाटेही. एका रेघेत, सरळ."

मी खोडलं. रेघ वाकडी गेली, पण ते काही बोलले नाहीत.

"आता लिही. चहा घेतला नव्हता."

"लिहिलं. कारणाचा रकाना रिकामा झाला. तिथे काय?"

ताई पलंगाच्या कडेला बसून त्यांच्यासाठी भात कालवत होती, तिचा चमचा थांबला.

"भीती," दाजी म्हणाले. "भीती लिही."

मी लिहिलं. चार वर्षांत त्या वहीत पहिल्यांदा माझं अक्षर पडलं. मग हात तिथून निघेना, म्हणून त्यांनी सांगितलं नसताना खाली आणखी एक ओळ लिहिली. 'मेव्हण्याने सोमवारी जिन्यात पाहिलं होतं. बोलला नाही.'

दाजींनी वही डाव्या हाताने ओढून घेतली, ती ओळ वाचली आणि पुन्हा वाचली. त्यांनी ती खोडायला सांगितली नाही.

"अक्षर बरं आहे तुझं," म्हणाले, आणि वही मिटून उशाशी ठेवली.